शेवटच्या रोलचा छत्तिसावा फोटो

खाली लिहिलेली प्रत्येक गोष्ट मी माझ्या वहीशी ताडून पाहिली आहे.

मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं आहे. निरीक्षण वेगळं आणि अनुमान वेगळं, एवढं तरी मला तिथे शिकवलं गेलं. म्हणून या लेखात अनुमान फारसं नाही. जे ऐकलं, जे हाताला लागलं, जे थर्मामीटरवर वाचलं, तेवढंच आहे.

तारीख २२ मे १९७४. बुधवार. रेल्वेचा संप चालू होता, त्यामुळे तारीख विसरणं शक्य नाही.

जागा नागपूर, सदरमधला एक फोटो स्टुडिओ.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही दुपारी अडीचची आहे. बाहेर पंचेचाळीस अंशांचं ऊन होतं.

आणि आम्ही तिघं पूर्ण अंधारात होतो.

आधी माझ्या मामांबद्दल सांगते. मनोहरराव मामा फौजेत मेजर होते. एकाहत्तरच्या लढाईत ते पूर्वेकडच्या आघाडीवर फौजी वार्ताहरांच्या एका छोट्या पथकाचे प्रमुख होते. बातम्या लिहिणं, फोटो काढणं, चित्रफिती घेणं आणि सगळं मागे मुख्यालयात पाठवणं, हे त्यांचं काम. पथकात चार जण. मामा स्वतः. सिनेमाचा कॅमेरा चालवणारे ताराचंद. फोटो काढणारा श्रीधर. आणि जीप चालवणारा बळीराम.

ताराचंद आणि श्रीधर दोघंही नागपूरचे. मामांनीच त्यांना मागून घेतलं होतं.

अंधारात या पथकाची एक पद्धत होती. दिवा लावायचा नाही, काडी ओढायची नाही. मामा म्हणायचे, "मोजणी." मग ते स्वतः म्हणायचे "एक". ताराचंद "दोन". श्रीधर "तीन". बळीराम "चार". चार आकडे ऐकल्याशिवाय जीप हलायची नाही.

डिसेंबरमधल्या एका रात्री हे चौघं नदीकाठच्या तागाच्या गोदामात थांबले होते. गोळे जवळ पडायला लागले. मामांनी सामान जीपमध्ये टाकायला लावलं. मोजणी घेतली.

एक. दोन. तीन. चार.

जीप निघाली.

नऊ मैलांवर उजाडलं, तेव्हा मागच्या सीटवर श्रीधर नव्हता.

परत जाण्यासारखी वाट उरली नव्हती. पुढे कळलं की ते गोदाम त्याच रात्री कोसळलं. श्रीधरचं शरीर सापडलं नाही. कागदावर तो 'बेपत्ता' राहिला.

मामा घरात हे शंभर वेळा सांगायचे. शेवटचं वाक्य नेहमी तेच. "मी 'तीन' ऐकलं होतं. माझ्या या कानांनी ऐकलं होतं."

आता प्रयागबाई. श्रीधरची आई. नागपुरातच इंदोऱ्याला, श्रीधरच्या बायकोबरोबर, सुभद्रेबरोबर राहायच्या. त्या दिवशी सकाळी त्या मामांकडे आल्या, तेव्हा मी तिथेच होते. हातात पंचात बांधलेला कॅमेरा. श्रीधरचा स्वतःचा. त्या रात्री तो सामानाबरोबर जीपमध्ये गेला होता, म्हणून वाचला. मामांनीच तो लढाईनंतर त्यांना नेऊन दिला होता. अडीच वर्षं तो पेटीत होता. आत रोल तसाच.

त्या जमिनीवर बसल्या. खुर्चीवर बसा म्हटलं तर ऐकलं नाही.

"मेजरसाहेब, सुभद्रेचा बाप येत्या ऐतवारी येऊन राहिला पारशिवनीहून," त्या म्हणाल्या. "तिले घेऊन जातो म्हणते. दुसरं घर पाहून ठेवलं त्यानं. श्रीधर जिता असन तर मी तिले थांबवीन. नसन तर तेवीस वर्साच्या पोरीले मी काहून बांधून ठेवू? मले तेवढं सांगा. जिता का मेला."

मामांनी मान खाली घातली.

"तुम्हाले सांगता येत नाही तं या डब्ब्याले विचारा," त्यांनी कॅमेरा पुढे सरकवला.

रोलमधून जिवंत-मेला कसं कळणार, हे मी त्यांना समजावायला गेले. मामांनी हातानं मला थांबवलं.

फौजेतून सुटल्यावर ताराचंदांनी सदरमध्ये स्टुडिओ टाकला होता. मी निकाल लागल्यापासून तिथे डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुण्याचं द्रावण, तयार करायला शिकत होते. मामांनी फोन केला तेव्हा ताराचंद आधी नको म्हणाले. इतका जुना रोल, काही निघणार नाही, उगाच म्हातारीला आशा. मग मामांच्या आवाजानं हो म्हणाले.

डार्करूम म्हणजे दुकानामागची सामानाची खोली. सहा फूट बाय आठ. खिडकी विटांनी बुजवलेली. दाराला आतून बोल्ट नव्हता, बाहेरून लोखंडी कडी होती, पूर्वीची. कुणी चुकून दार उघडू नये म्हणून प्रयागबाईंना दाराशी बाकावर बसवलं.

मी नोंदी केल्या त्या अशा. कॅमेऱ्याचा आकडा एकवीसवर. म्हणजे एकवीस फोटो काढलेले, पुढचा पंधरा फोटोंचा भाग कोरा. खोलीचं तापमान एकोणचाळीस. डेव्हलपर वीसवर आणण्यासाठी बाहेर ट्रेमध्ये बर्फाची लादी. डेव्हलपरची बाटली मी आत घेतली, तेव्हा ती बरोबर वीसवर होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट. असा रोल लाल दिव्यातही उघडता येत नाही. संपूर्ण अंधारात तो चकलीसारख्या गोल चक्रावर गुंडाळायचा, चक्र डब्यात ठेवायचं, झाकण लावायचं. झाकण लागलं की मग दिवा लावा, दार उघडा, काही करा. झाकण लागेपर्यंत मात्र कोणीही बाहेर पडू शकत नाही. दाराची फट उघडली तरी सगळं काळं होतं.

घड्याळाचे काटे चमकतात म्हणून मी ते काढून बाहेर ठेवलं.

मामा, ताराचंद आणि मी आत गेलो. दार लावलं. दिवा घालवला.

मी रोल फोडला आणि गुंडाळायला लागले. फिल्म जुनी, ताठ झालेली. दोनदा अडकली. बाहेरून पानठेल्यावरचा रेडिओ ऐकू येत होता. सायकल रिक्षाच्या घंट्या. कुणीतरी कुणाला शिव्या देत होतं.

माझ्या डावीकडे ताराचंद. त्यांचा श्वास मोठा होता.

"किती वेळ अजून?" त्यांनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना त्यांचा कोपर टेबलाला लागला आणि काहीतरी खाली पडून गडगडत गेलं.

डब्याचं झाकण.

मी शांतपणे सांगितलं की कोणी हलू नका, झाकण पायाखाली येऊन फुटेल. फिल्म चक्रावर पूर्ण चढली होती. मी चक्र डब्यात घातलं आणि डबा छातीशी धरला. झाकणाशिवाय तो उघडाच होता.

मामा खाली बसून चाचपायला लागले.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं...

रेडिओ ऐकू येत नव्हता.

घंट्या नाहीत. शिव्या नाहीत. सदरचा रस्ता दुपारी अडीच वाजता इतका गप्प कधीच नसतो.

खोलीतला हायपोचा रासायनिक वासही गेला होता. त्या जागी ओला, कुबट, जाड वास. गोणपाटासारखा. मी तो ओळखला नाही.

मामांनी ओळखला. त्यांचं चाचपणं थांबलं.

"ताराचंद," ते हळू म्हणाले, "ताग."

"साहेब, दार उघडू द्या," ताराचंद म्हणाले. "मले इथं नाही राहाचं."

"फिल्म उघडी आहे. कोणी दाराला हात लावायचा नाही."

"साहेब..."

"जिथं आहात तिथं उभे राहा." मामांचा आवाज बदलला होता. घरात मी तो कधी ऐकला नव्हता. "मोजणी. एक."

"दोन," ताराचंद म्हणाले. सवयीनं, रडवेल्या आवाजात.

पुढची मी. मी तोंड उघडलं...

"तीन."

मी बोलले नव्हते.

"शाबास पोरी," मामा म्हणाले. "आता सगळे शांत..."

"मामा, मी नाही बोलले."

पाण्याचा एक थेंब सिंकमध्ये पडला.

मला भीती वाटली, पण त्याआधी राग आला. ताराचंद नकला करतात हे मला माहीत होतं. मामांची नक्कल तर ते अशी करायचे की मामी फसायची. मी डबा डाव्या हातानं छातीशी दाबला आणि उजव्या हातानं ताराचंदांचं तोंड शोधलं. ओठांवर तळहात घट्ट दाबून धरला. प्रयोगात एक शक्यता अशीच बंद करून पाहतात.

"मामा, पुन्हा मोजा," मी म्हटलं.

"पोरी, नको."

"मोजा."

मामांनी मोजायला सुरुवात केली.

"एक."

माझ्या तळहाताखाली ताराचंदांचे ओठ मिटलेले होते. दात वाजत होते. 'दोन' आलं नाही.

मग... जमिनीच्या पातळीवरून, सिंकखालच्या कोपऱ्यातून...

"तीन."

तरुण आवाज. पुरुषाचा. अगदी साधा, हजेरी देतो तसा.

ताराचंदांनी माझा हात झटकला आणि दाराकडे धाव घेतली. मी ओरडले, फिल्म, फिल्म. डब्यावर पदर टाकला, वाकून तो अंगाखाली घेतला. दार उघडणार, उजेड येणार, सगळं जाणार.

उजेड आला नाही.

ताराचंद दार ओढत होते. दार हलत नव्हतं. बाहेरून कडी लागली होती.

"बाई!" मामांनी हाक मारली. "प्रयागबाई, कडी काढा."

दोघांनी दारावर मुठी मारल्या. मी मोजत होते, डेव्हलपरसाठी मोजते तसे सेकंद. दीडशेपर्यंत मोजलं. दार आणि आमच्यामध्ये दुसरं काहीतरी जाड असावं तसा तो आवाज आतच राहत होता. दिव्याचं बटण मामांनी दोनदा दाबलं. त्या क्षणी त्यांनाही फिल्मची पर्वा उरली नव्हती. दिवा लागला नाही.

घाम थांबला होता. मला थंडी वाजत होती. मे महिन्यात, नागपुरात, बंद खोलीत.

सिंकखालून काहीतरी सरकलं. फरशीवर कापड घासल्यासारखं. थांबलं. पुन्हा सरकलं. आमच्या दिशेनं.

ताराचंद दाराला पाठ लावून खाली बसले.

"ये नको गा," ते म्हणाले. "श्रीधर, ये नको. सांगतो मी. सगळं सांगतो."

"काय सांगतोस?" मामा म्हणाले.

"साहेब, त्या रात्री 'तीन' मी म्हटलं होतं."

सरकणं थांबलं.

ताराचंद भरभर बोलत सुटले. चित्रफितीच्या डब्या ते गोदामात विसरले होते. तीन दिवसांचं सगळं काम त्यात. मेजरसाहेब सामान चढल्यावर कुणाला परत जाऊ देणार नाहीत हे माहीत होतं. श्रीधर वयानं लहान, पायानं चपळ. त्याला हळूच म्हटलं, जा गा, पटकन घेऊन ये, मोजणीत मी तुझ्या आवाजात बोलतो. कॉलेजात पोरं एकमेकांची हजेरी लावतात तसं.

"मले वाटलं मांगून चढला तो," ताराचंद म्हणाले. "दर वेळेस चढे. याआधी दोनदा असंच केलं होतं आम्ही. साहेब, चौथ्या मैलावर मले समजलं तो नाही. मी तोंड नाही उघडलं."

मला कापड ताणल्याचा आवाज आला. त्यांनी ताराचंदांची कॉलर धरली होती. दोन्ही हातांनी, कारण ताराचंद म्हणाले, "साहेब, गळा सोडा."

त्याच वेळी माझ्या उजव्या हातात कुणीतरी झाकण ठेवलं.

दोघंही दाराशी होते. मी टेबलाच्या या टोकाला.

झाकण बर्फासारखं होतं. देणाऱ्याची बोटं माझ्या बोटांना लागली. तीही.

मी झाकण लावलं. फिरवून घट्ट केलं. का कोण जाणे, मी "हं" म्हटलं. झाल्याची खूण म्हणून.

रेडिओ सुरू झाला.

म्हणजे तो चालूच असणार. आम्हाला ऐकू यायला लागला. दिवा लागला. मामा ताराचंदांची कॉलर धरून उभे होते. सिंकखाली काही नव्हतं. फरशी ओली होती, पण ती नेहमीच असते.

डेव्हलपरच्या बाटलीत थर्मामीटर होतं. मी वाचलं. अकरा. बर्फ बाहेर होता. एकोणचाळीस अंशांच्या खोलीत बाटली वीसवरून वर जायला हवी होती.

बाहेरून कडी काढल्याचा आवाज आला. प्रयागबाईंनी दार उघडलं.

मामांनी विचारलं, कडी कुणी लावली.

"मीच," त्या म्हणाल्या. शांतपणे. "त्यानंच सांगतलं. दाराआडून बोलला. 'माय, कडी लाव. हे लोक मले सोडून चालले.'"

मी विचारलं, आम्ही एवढं दार ठोठावलं ते ऐकलं नाही का. त्यांनी मान हलवली. दाराला पाठ लावूनच उभ्या होत्या, म्हणाल्या. कुणी ठोकलं नाही.

ताराचंद दुकानाच्या मागच्या बाजूनं बाहेर पडले. रोल मी एकटीनं धुतला. थंड डेव्हलपरला वेळ जास्त लागतो. आकडेमोड दोनदा करून पाहिली, आकडे बरोबर आले.

पहिले एकवीस फोटो साधे. नदी ओलांडणारे जवान. जीपखाली शिरलेला बळीराम. गाल भरून खाणारे ताराचंद. नकाशावर वाकलेले मामा.

बावीस ते पस्तीस कोरे. काचेसारखे स्वच्छ. असायला हवे तसे.

छत्तिसावा कोरा नव्हता.

एका चौकटीच्या आतून, जमिनीच्या जवळून घेतलेला. गोदामाचं दार. बाहेर जीप. जीपकडे निघालेली तीन माणसं. आभाळातून कसला तरी प्रखर उजेड त्यांच्यावर पडलेला.

कॅमेरा त्या वेळी जीपमध्ये होता. त्याचा आकडा एकवीसवर होता. ही दोन्ही निरीक्षणं मी आजही मागे घेऊ शकत नाही.

प्रयागबाईंनी भिंग डोळ्याला लावून तो तुकडा खूप वेळ पाहिला.

"हा कोनं काढला?"

मामा म्हणाले, "त्यानंच, बाई."

"म्हंजे तुम्ही निंगाले तवा तो जिता होता."

"होता."

मामा खोटं बोलू शकले असते. ताराचंदांवर ढकलू शकले असते. पण पथकाचा प्रमुख मी होतो, आवाज ऐकून माणूस मोजला, हात लावून नाही मोजला, एवढं ते बोलले.

प्रयागबाईंनी ते ऐकलं की नाही, सांगता येत नाही. त्या भिंग पुसत होत्या.

"आता नाही तो," त्या म्हणाल्या. "मले दाराशीच समजलं. एवढा बोलला, पन मधात श्वास नाही घेतला."

त्यांनी कॅमेरा पंचात बांधला. रोल मला ठेवून घ्यायला सांगितला.

रविवारी सुभद्रेचे वडील आले. मी इंदोऱ्याला गेले होते. प्रयागबाईंनी सुनेला नवीन लुगडं नेसवलं होतं आणि स्वतः तिची पेटी उचलून एसटीपर्यंत गेल्या. सुभद्रा रडत होती. त्या नव्हत्या. पावसाळ्यानंतर तिचं दुसरं लग्न झालं. ताराचंदांनी स्टुडिओ विकला. ते आता कुठे आहेत, मला माहीत नाही.

गोष्ट इथे संपायला हवी होती.

माझ्याच चौकस स्वभावानं ती संपू दिली नाही.

छत्तिसावा फोटो बोटाच्या पेराएवढा होता. पुढच्या आठवड्यात सीताबर्डीवरच्या दुसऱ्या स्टुडिओत मी तो मोठा करून घेतला. दहा इंच बाय बारा. लाल दिव्याखाली ट्रेमध्ये चित्र हळूहळू उमटायला लागलं. आधी दाराची चौकट. मग जीप. मग तीन माणसं.

बळीराम पाठमोरा. ताराचंद पाठमोरे.

मामा...

मामांनी मान मागे वळवली आहे.

ते दाराकडे पाहत आहेत. ज्या उजेडात त्यांचा चेहरा इतका स्पष्ट आला, त्या उजेडात त्यांनाही दारातला श्रीधर दिसला असेल का? मामांची उंची मला माहीत आहे. त्यावरून मी अंतर काढलं. साधारण अठरा फूट. तीन वेळा काढलं.

अठरा फुटांवरून माणूस ओळखू येतो. डोळे उजेडानं दिपले असतील तर येत नाही. धूर असेल तर येत नाही. फोटोत धूर दिसत नाही. पण तो फोटो कशानं काढला हेच ज्याला सांगता येत नाही, त्यानं त्यातल्या धुराबद्दल काय बोलावं?

फोटो माझ्या कपाटात, अभ्यासाच्या वह्यांखाली आहे. मी तो कुणालाही दाखवलेला नाही.

मामा अजूनही रविवारी आमच्याकडे जेवायला येतात. सुरुवातीला ते दर खेपेस विचारायचे, "पोरी, तो शेवटचा फोटो मोठा करून पाहिलास का?"

मी म्हणायचे, नाही.

गेल्या तीन-चार रविवारी त्यांनी विचारलं नाही. मी ताटात भाजी वाढते. ते माझ्याकडे पाहत असतात. मी वर पाहत नाही.